पेटीवरची रिकामी खुर्ची

माझा भाऊ वारला, हे मला त्यानेच येऊन सांगितलं.

मी ओट्यापाशी कांदा चिरत होते. दादा दारात उभा राहिला, हातातला मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "हे वाच. मी गेलोय." मी वाचलं. कुणा अनोळखी मुलाने लिहिलं होतं की या गायिकेच्या नव्या अल्बमची पुठ्ठ्याची पेटी नीट पाहिली तर एकच गोष्ट सिद्ध होते, तिचे वडील आता या जगात नाहीत. खाली लोकांनी रांग लावून हात जोडले होते. एकाने तर 'फार दिलदार माणूस होता' असंही ठोकून दिलं होतं. दादा ते वाक्य पुन्हा वाचून म्हणाला की जिवंतपणी हे कुणाला दिसलं नाही, ते एक असो.

ती गायिका म्हणजे माझी भाची, दादाची एकुलती एक मुलगी. जगाला ती तिच्या स्टेजवरच्या नावाने माहीत आहे. आमच्या घरी ती भिंगरी, कारण लहानपणी एका जागी उभी म्हणून राहायची नाही. वहिनी गेली तेव्हा पोर दुधाचे दात पडायच्या वयाची होती. मी एकटी, सिनेमाच्या तिकीट खिडकीवर नोकरी करणारी. बिऱ्हाड उचललं आणि इथे आले. पोरीच्या वेण्या घातल्या, शाळेत मास्तरांशी भांडले, तापात उशाशी बसले. माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

आता त्या पेटीबद्दल सांगते. जाड पुठ्ठ्याची, चौकोनी, राखी रंगाची. वर नाव नाही, चेहरा नाही, नुसती पांढऱ्या रेषांनी काढलेली एक खुर्ची. आत गाण्यांची तबकडी, फोटोंची पुस्तिका आणि घडी घातलेलं पोस्टर. प्रत्येक फोटोत एकच खोली आणि तीच लाकडी खुर्ची, रिकामी. खुर्चीच्या पाठीवर पुरुषाचा कामावर घालायचा करडा कोट. भिंगरी कुठेतरी कडेला, कधी खिडकीशी, कधी भिंतीला टेकून, खुर्चीकडे न बघणारी. पुस्तिकेचं शेवटचं पान संपूर्ण काळं. झालं, तिच्या चाहत्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला. आई लहानपणीच गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण पहिला अल्बम तिने आईलाच वाहिला होता. मग कोट कुणाचा? बापाचा. खुर्ची रिकामी का? बाप गेला म्हणून. काळं पान कशाचं? ते तर विचारूच नका.

खालच्या मजल्यावरचा इस्त्रीवाला दुपारी तोंड पाडून वर आला. दार दादानेच उघडलं. त्या बिचाऱ्याची बोबडी वळली. कपडे न्यायला आलो होतो म्हणाला, आणि कपडे नव्हते म्हणून दोन पडदेच इस्त्रीला घेऊन गेला.

हसलो आम्ही पुष्कळ. पण एक गोष्ट इथेच सांगून टाकते, ती माहीत नसेल तर पुढचं काही कळायचं नाही. माझ्या भावाला ऐकू येत नाही. अगदी ठार बहिरा नाही, दार आपटलं तर कळतं, पण बाकी सगळं ओठांवरून. जन्मभर तो खोक्यांच्या कारखान्यात होता. पुठ्ठा कापायचे आणि दुमडायचे साचे तो बनवायचा, आणि ते साचे ज्या यंत्रात ठोकले जात त्याच्याच शेजारी त्याचं टेबल. ते यंत्र दिवसभर ढाण ढाण करत असे. कान कधी गेले ते त्यालाही नेमकं सांगता येणार नाही. कानात घालायचं यंत्र आणलं, तर म्हणाला, माणसांचं बोलणं पत्रा ओढल्यासारखं येतं आणि गाणं म्हणजे पत्र्यांचं अख्खं दुकान. ते यंत्र टेबलाच्या खणात गेलं ते गेलंच.

आणि हे त्याने पोरीला सांगितलं नाही. मला शपथ घातली. त्याच सुमाराला भिंगरी दुसऱ्या शहरात राहून गाऊ लागली होती, लहान लहान ठिकाणी, मग मोठ्या ठिकाणी. ती दर कार्यक्रमाचा पास पाठवायची, पहिल्या रांगेतला. दादा दर वेळी म्हणायचा की गर्दी सोसत नाही. मी डोकं आपटून घेतलं. म्हटलं, सांगून टाक, बहिरेपण म्हणजे काय चोरी आहे? तर म्हणाला, "गाणं संपलं की ती माझ्याकडे बघणार. मला कळायचं नाही कधी संपलं. सगळ्यांसमोर मध्येच मी टाळी वाजवली तर?" एवढ्यासाठी. पोरीच्या गाण्यात आपली टाळी चुकीच्या ठिकाणी पडू नये, एवढ्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं घरी बसला.

फोन आला की बोलायला मी. बाबा कुठे आहेत, ती विचारायची. बाबा अंघोळीला गेलेत. एका माणसाने इतक्या अंघोळी केल्या असत्या तर तो विरघळून गेला असता. पोर काही खुळी नव्हती. हळूहळू तिने विचारणंच सोडलं. कधीमधी अर्धा दिवस यायची तेव्हा समोरासमोर बसून दादा निभावून न्यायचा. तो मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे ते खपून गेलं. पण बापाला माझ्या गाण्याचं काही नाही, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. तिच्या डोळ्यांत मला ते दिसायचं आणि मी तोंडात मूग धरून बसायची. माझ्यासारखीने मूग धरायचे म्हणजे काय शिक्षा, ते माझं मलाच माहीत.

तेव्हा या पेटीचं दादाला का एवढं, ते लक्षात येईल. बाकीच्यांसाठी अल्बम म्हणजे गाणी आणि पेटी म्हणजे वेष्टन. त्याच्यासाठी पेटी हाच अल्बम. दर नवा अल्बम आला की तो टेबल पुसायचा, भिंग काढायचा आणि देवघेवीच्या व्यवहाराला बसल्यासारखा गंभीर व्हायचा. पुठ्ठा कसा दुमडलाय, शाई कुठे फुटलीय, हे बघून झालं की फोटो. पोरीचा चेहरा, हात, उभं राहणं. तिचं काय चाललंय ते त्याला तिथे कळायचं, आणि बहुतेक वेळा बरोबर कळायचं.

या खेपेला मात्र भिंग फिरता फिरता त्याचा चेहरा उतरत गेला. आधी म्हणाला की हा कोट माझा नाहीच, माझ्या कोटाला बटणं नव्हती, चेन होती. मग म्हणाला की खुर्चीही आपल्या घरातली नाही. मी म्हटलं, मग प्रश्न मिटला, ते तुझ्याबद्दल नाहीच. त्यावर तो आणखीच पडला. आपण त्या फोटोत मेलेले आहोत याचं दुःख आणि आपण त्यात नसूच याचंही दुःख, अशी त्याची दोन्हीकडून कोंडी झाली होती. संध्याकाळी चहाचा कप तसाच गार झाला. मग त्याने मला विचारलं, "तिच्या लेखी मी गेलोय का गं?"

मी म्हटलं फोन करून विचारते. तर पुन्हा शपथ.

दुसऱ्या दिवशी फोन तिचाच आला. लोक काहीबाही बोलतायत ते वाचलं का, म्हणाली. कंपनीने तिला गप्प राहायला सांगितलं होतं, चर्चेने पेट्या खपतात म्हणे. तिला ते पटत नव्हतं, पण बाबांना त्रास होत असेल तरच ती तोंड उघडणार होती. बाबा काय म्हणाले, तिने विचारलं. दादा माझ्या समोर उभा राहून नको नको म्हणून जोरजोरात मान हलवत होता. काही नाही म्हणाले, असं मी सांगितलं.  मग ती म्हणाली, "काही नाहीच म्हणणार," आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी दादाशी बोलले नाही. त्याला त्याचा पत्ता लागायला बराच वेळ लागला, हा बहिऱ्या भावाशी अबोला धरण्यातला तोटा.

त्याच आठवड्यात एक चष्मेवाली पोरगी दारात आली. गाण्यांच्या अल्बमच्या पेट्या उलगडून दाखवायच्या, रंग का निवडला, अक्षर असं का, फोटो तसा का, हे समजावून सांगायचं, असा तिचा धंदा. त्याचे व्हिडिओ करते आणि लोक ते बघतात. असल्या उठाठेवीवर कुणाचं पोट भरतं हे मला नवीन होतं. तिने पत्ता कुठून काढला कोण जाणे. दारातच म्हणाली की सगळे ठामपणे सांगतायत, पण घरच्यांना विचारल्याशिवाय एखाद्याला मेलेला म्हणणं तिला बरं वाटत नाही, म्हणून आत्याबाईंना भेटायला आली. मी तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावणार होते. तेवढ्यात दादा मागून आला, तिच्या काखेतली पेटी त्याने पाहिली आणि म्हणाला, "आत ये. उजेड इकडे चांगला आहे."

तिने विचारलं, तुम्ही कोण? दादाने सांगितलं की मी खोक्यांच्या कारखान्यात होतो. खोटं काहीच नव्हतं त्यात. ती समजली की कुणी शेजारी असावेत. मी चहा ठेवायला गेले, आणि तिथूनच दोघांना बघत राहिले.

पोरगी हुशार होती, हे मला मान्य करावं लागलं. पेटी तिने आधी बंदच ठेवली. हाताने वजन घेतलं, कडा चाचपल्या, आणि मग एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. दादाही तेच करायचा. त्याने तिला झाकणाची घडी दाखवली, गोंदाचा टिपूस नाही बघ, नुसत्या खाचेवर उभं आहे. तिने त्याला रंग दाखवले, पहिल्या फोटोत भिंत पिवळसर आहे आणि पुढे पुढे ती फिकी होत जाते. दोघं एकमेकांना खेळणी दाखवणाऱ्या मुलांसारखी रमली होती. ती सवयीनेच समोर बघून स्पष्ट बोलायची, कॅमेऱ्यापुढे बोलायची सवय. दादाला त्यातलं सगळं कळत होतं.

मग त्याने विचारलं, या खुर्चीतल्या माणसावर तिचं प्रेम होतं का?

 चष्मेवालीने लगेच पुस्तिका त्याच्याकडे फिरवली. म्हणाली, या फोटोंमध्ये एक विचित्र गोष्ट आहे, काका. गाणारीचाच अल्बम, पण गाणारी जराशी धूसर आहे. लख्ख, ठळक आहे ती खुर्ची. कोटाचे धागेसुद्धा मोजता येतील. स्वतःच्या पेटीवर कुणी स्वतःला पुसट करून दुसऱ्याला एवढं स्पष्ट दाखवत नाही. फक्त ज्याच्यावाचून अडलंय त्यालाच.

दादाने भिंग उचललं आणि खाली ठेवलं. तोच फोटो त्याने इतक्यांदा पाहिला होता, पण पोरीचा चेहरा शोधता शोधता. खुर्ची स्पष्ट आहे म्हणून तो चिडला होता, की इथे मुलगी नीट दिसत नाही, छपाई वाईट आहे. चहाचे कप माझ्या हातात होते आणि मला ते ठेवायला जागा दिसेना.

मग तिने गाणं लावलं. काळ्या पानापाशी कोणतं गाणं येतं ते तिला ऐकवायचं होतं. मोबाइल टेबलावर ठेवला आणि ती डोळे मिटून बसली. भिंगरीचा आवाज खोलीत भरला. दादा पानाकडे बघत शहाण्यासारखी मान डोलवत राहिला. गाणं संपलं. तिने डोळे उघडले. खोलीत काहीच वाजत नव्हतं, आणि दादाची मान अजून डोलत होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही लपवायच्या भानगडीत पडले नाही, कानाला बोट लावून नाही म्हणून मान हलवली. मग ती त्याच्या समोर सरकली, त्याची नजर आपल्याकडे येईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "काका, या खुर्चीतले ते तुम्हीच ना?"

"हो," दादा म्हणाला.

तिने चष्मा काढून पुसला. मी म्हटलं आता ही माफी मागणार, रडणार, आणि मला आणखी एक कप चहा करावा लागणार. पण ती पुन्हा पेटीकडेच वळली. सगळी पानं तिने परत पाहिली, पोस्टर पाहिलं, पुन्हा पहिल्या पानावर आली. मग म्हणाली की आपलं एकच चुकलं. सगळ्यांचंच चुकलं, कारण रिकामी खुर्ची दिसली की आधी एकच गोष्ट सुचते. तिने बोट ठेवलं ते फोटोच्या कोपऱ्यावर. तिथे दार होतं, अर्धवट उघडं. दुसऱ्या फोटोतही. प्रत्येक फोटोत. पिवळा उजेड त्या दारातूनच येत होता आणि पानागणिक कमी कमी होत होता, दिवस कलून त्या काळ्या पानावर रात्र व्हावी तसा.

"गेलेल्या माणसासाठी कुणी दार उघडं ठेवत नाही," ती म्हणाली. "ही खुर्ची न आलेल्या माणसाची आहे."

दादाने ते तिच्या ओठांवर वाचलं. मग उठला आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बहिऱ्या माणसाने पाठ केली की त्याच्याशी बोलायचे सगळे रस्ते बंद होतात.  चष्मेवालीने वस्तू ओळीने पेटीत भरल्या आणि जाताना मला म्हणाली की आपण यातलं काही कुठे सांगणार नाही, एवढंच सांगू की वडील सुखरूप आहेत. तसंच केलं तिने. मला ती पोरगी आवडली, हे तिला कळणार नाही याची मी काळजी घेतली.

दादा खिडकीतून वळला तो थेट मला म्हणाला, तिला बोलाव. शपथ सुटली. मी फोन लावला आणि फक्त एवढं सांगितलं की बाबांना तुला भेटायचंय, त्यांनी स्वतः बोलावलंय. तिने कारण विचारलं नाही. सकाळी दारात हजर, केस विस्कटलेले, प्रवासाचेच कपडे.

मी तिला त्याच टेबलाशी बसवलं, उजेडाच्या बाजूला. दादा समोर बसला. रात्री त्याने काय काय घोकून ठेवलं होतं, पण ती समोर आल्यावर त्यातलं काही उरलं नाही. म्हणाला, "मला ऐकू येत नाही, भिंगरे. तू गायला लागलीस त्याच्या आधीपासून. तुझं एकही गाणं मी धड ऐकलेलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरून एकेक करत सगळ्या गोष्टी सरकत गेल्या असाव्यात, गर्दी, अंघोळी, वाया गेलेले पास.  तिचे ओठ हलत नाहीत हे बघून दादा घाबरला. त्याला वाटलं आता ही उठून जाणार. आणि तो माणूस, जो वर्षभरात बोलत नाही तेवढं, भडाभडा बोलायला लागला. सगळ्या पेट्या त्याने काढल्या. पहिल्या अल्बमवर तू हसतेयस पण खांदे आखडलेत, चपला चावत होत्या ना? दुसऱ्याच्या वेळी तुझं कुणाशी तरी बिनसलं होतं, सगळ्या फोटोंत मूठ मिटलेली आहे. तिसऱ्यात वजन डाव्या पायावर टाकलंयस, सायकलवरून पडलीस तो गुडघा अजून दुखतो, डॉक्टरला दाखव. आणि यात, या नव्यात, खिडकीपाशी, तू पुसट आहेस पण तुझी झोप झालेली नाही हे मला दिसतं. एवढंच मला येतं, तो म्हणाला, मी हेच वाचतो.

त्याचं म्हणणं बरोबर होतं की चूक, ते तिने सांगितलं नाही. तिचे गाल ओले झाले होते, आणि ती चांगली संतापलेली होती. माझ्यावर गेलीय, असं मला वाटलं. तिने खुर्ची पुढे ओढली, इतकी की गुडघ्याला गुडघे लागले. त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मग बघायला तरी यायचं होतं, बाबा."

दादाने तिच्या ओठांकडे पाहिलं. त्याला समजलं होतं, मी त्याला ओळखते, पहिल्याच खेपेला समजलं होतं. तरी त्याने कानामागे हात धरला आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिने पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द.